ज्याचा त्याने लिहावयाचा हिशेब

७ ऑगस्ट २०२१ या एकाच दिवशी टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या वाट्याला दोन प्रसंग आले. संध्याकाळी नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्णपदक मिळविले, आणि ते कसे मिळाले हे कोणास समजावून सांगावे लागले नाही. ज्याचा भाला सर्वांत लांब गेला तो पहिला, हा न्याय शेंबड्या पोरालाही कळतो. परंतु त्याच दिवशी सकाळी अदिती अशोक ही तेवीस वर्षांची मुलगी चार दिवसांत बहात्तर होल खेळून, २६९ फटक्यांचा हिशेब रुजू करून, केवळ एका फटक्याने कांस्यपदकास मुकली, तेव्हा दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या कित्येक मराठी घरांत 'उणे पंधरा म्हणजे चांगले की वाईट?' हा प्रश्न निघाला आणि त्याचे उत्तर देणारे माणूस घरात नव्हते. त्याच स्पर्धेत पुरुषांत पुण्याचा उदयन माने खेळला होता, आणि पुण्यातच जन्मलेला अनिर्बान लाहिरीही होता. तरीसुद्धा पुणे जिल्ह्यातल्या शंभर माणसांना विचारले असता पार म्हणजे काय हे सांगणारी दोन-चार माणसे निघतील की नाही, याची मला शंका आहे.

या अज्ञानाचा दोष केवळ वाचकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. गोल्फ हा खेळ आपल्याकडे आला तोच मुळी साहेबाच्या सामानातून. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा पहिला १८४२ चा. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाची स्थापना १९२७ ची. कुंपणाच्या आत कलेक्टर आणि कर्नल, व कुंपणाच्या बाहेर बाकीचे लोक, अशी त्याची वाटणी पहिल्यापासून होती, आणि साहेब गेल्यावर कुंपण गेले नाही, आतली माणसे तेवढी बदलली. नाशकात मात्र काळाने एक नामी थट्टा करून ठेवली आहे. तेथील ज्या मैदानास आजही सारे गाव 'गोल्फ क्लब मैदान' म्हणते, त्यावर गोल्फ कोणी खेळत नाही, रणजी करंडकाचे क्रिकेट खेळले जाते. आणि त्याचे अधिकृत नाव आहे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, म्हणजे १९०९ साली ज्याने त्याच नाशकाच्या कलेक्टरावर पिस्तूल झाडले त्या तरुणाचे.

आम्ही सारोळ्याचे लोक या खेळाकडे आणखी निराळ्या खिडकीतून पाहतो. सातारा रस्त्यावर, नीरेच्या अलीकडच्या काठावर हे गाव वसलेले आहे. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि शिरवळची कारखानदारी सुरू होते. पुणे येथून सुमारे पन्नास किलोमीटरांवर आहे, आणि ते दर वर्षी थोडे थोडे जवळ येत आहे. डोंगरउताराच्या जमिनींचे तुकडे पाडून विकणाऱ्यांच्या जाहिरातींत हल्ली जे हिरवेगार, गुळगुळीत, मनुष्यवस्तीची खूण नसलेले गवत दाखविलेले असते, ते गवत बव्हंशी गोल्फच्या मैदानावरून उचललेले असते, आणि ते पाहून भोर-वेल्ह्याचा शेतकरी प्रथम मनात विचारतो की याला पाणी कोठून देणार. हा प्रश्न त्याने विचारावा हे योग्यच आहे. ज्या तालुक्याने १९२८ साली पुऱ्या झालेल्या भाटघरच्या धरणासाठी आपली गावे पाण्याखाली घातली आणि जो तेव्हापासून ते पाणी पुलाखालून वीरच्या धरणाकडे, व तेथून कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाताना पाहत आला आहे, त्याने हिरवळीच्या चैनीबद्दल साशंक असणे हा त्याचा अनुभवसिद्ध अधिकार होय.

तथापि मैदान आणि खेळ या दोन वस्तू भिन्न आहेत, आणि मैदानावरचा राग खेळावर काढल्यामुळे आपण एका उत्तम गोष्टीस मुकत आहो, असे माझे मत आहे. ती गोष्ट म्हणजे फटक्याची नजाकत नव्हे, ती इतर खेळांतही आहे. ती म्हणजे या खेळाची हिशेब ठेवण्याची पद्धत.

खेळाचे स्वरूप सांगावयाचे तर ते फारच साधे आहे. गोटी गलीत घालण्याचा आपल्याकडचा पोरांचा खेळ सहा-सात हजार यार्डांच्या रानावर ताणून बसविला आणि हाताच्या जागी काठी दिली, की गोल्फ तयार होतो. टी नावाच्या चौथऱ्यावरून चेंडू मारावयाचा, तो जेथे पडेल तेथपर्यंत चालत जावयाचे, तेथून पुन्हा मारावयाचा, आणि असे करीत ग्रीन नावाच्या तासलेल्या गवतावरील, सव्वाचार इंच व्यासाच्या होलात तो पाडावयाचा. अशी अठरा होले झाली की एक फेरी पुरी झाली. वाटेतला कापलेला पट्टा तो फेअरवे, त्याच्या दोहो बाजूंचे वाढलेले गवत तो रफ, आणि मुद्दाम घातलेले वाळूचे खड्डे ते बंकर. १७४४ साली स्कॉटलंडात लीथच्या खेळाडूंनी पहिली नियमावली लिहिली तीत अवघी तेरा कलमे होती; आजचे नियमपुस्तक बरेच जाड झाले असले तरी त्याचा गाभा एकाच वाक्यात सांगता येतो : चेंडू जेथे आणि जसा पडला असेल तेथून आणि तसाच खेळावा. मागे दगड आला, पुढे झुडूप आले, ही सबब चालत नाही. त्या जागेवरून खेळणे अशक्यच झाले तर एक फटका दंड भरून सोईची जागा घेण्याची मुभा आहे. चेंडू हरवला तर शोधण्यास पूर्वी पाच मिनिटे मिळत. २०१९ पासून तीनच मिळतात.

आता हिशेब. प्रत्येक होलासाठी एक अपेक्षित फटकेसंख्या ठरविलेली असते, तिला पार म्हणतात. ढोबळमानाने अडीचशे यार्डांच्या आतल्या होलाचा पार तीन, त्यापुढे पावणेपाचशेच्या आसपासपर्यंत चार, आणि त्याहून लांब असेल तर पाच. बहुतेक मैदानांवर चार होले तीनची, दहा होले चारची आणि चार होले पाचची धरून एकूण पार बहात्तर होतो. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी तर ईगल; एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त तर डबल बोगी. क्रिकेटमध्ये ज्याची संख्या मोठी तो मोठा. येथे ज्याचा खर्च कमी तो श्रेष्ठ. टोकियोच्या मैदानाचा पार एकाहत्तर होता, म्हणून अदितीचे 'उणे पंधरा' म्हणजे चार दिवसांच्या २८४ च्या अंदाजपत्रकात तिने केलेली पंधरा फटक्यांची काटकसर होती, आणि ज्या न्यूझीलंडच्या खेळाडूस कांस्यपदक मिळाले तिची सोळांची होती.

नवशिक्याचा घोटाळा होतो तो दंडाच्या जागी. समजा, चारच्या पारचे होल आहे, पहिला फटका रफमधल्या झुडपात गेला आणि तीन मिनिटांत चेंडू सापडला नाही. मारलेला फटका एक, त्यावर दंडाचा एक, आणि पुन्हा टीवर येऊन मारलेला तो तिसरा. चौथ्याने चेंडू ग्रीनवर आला, आणि तेथे पटर नावाच्या काठीचे दोन हलके फटके लागून तो होलात पडला, म्हणजे एकूण सहा, डबल बोगी. हा सहाचा आकडा लिहिताना हात थरथरतो. झुडपात गेलेला चेंडू 'जणू गेलाच नाही' असे समजून चार लिहिण्याचा मोह साऱ्या जगात सारखाच आहे, आणि त्या मोहाच्या क्षणी शेजारी पंच नसतो.

किंबहुना मैदानभर पंच शोधूनही सहसा सापडत नाही. स्पर्धेत प्रत्येकाचे स्कोअरकार्ड त्याच्या जोडीदाराच्या हाती असते. तो मार्कर आपले आकडे लिहितो, आपण त्याचे लिहितो, फेरीअंती दोघे ताळा पाहतात, दोघांच्या सह्या होतात, आणि मग तो कागद दप्तरी दाखल होतो. एकदा सही झाली की तो दस्तऐवज ठरला. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे व्हिसेंझोने सतराव्या होलावर तीन फटके घेतले होते, हजारो लोकांनी ते डोळ्यांनी पाहिले होते, परंतु मार्करने चुकून चार लिहिले आणि दे व्हिसेंझोने ताळा न पाहता सही केली. नियमाप्रमाणे लिहिलेला अधिक आकडाच कायम झाला आणि बरोबरीत असलेला माणूस एका फटक्याने स्पर्धा हरला. कमी आकड्यावर सही झाली असती तर तो बादच ठरला असता. हा फैसला क्रूर होता असे पुष्कळांना वाटले. मला तो आपल्या जुन्या महसुली कारभाराच्या जातकुळीचा वाटतो. ज्या भोरच्या मुलुखात आम्ही राहतो तो पंतसचिवांचा. राजारामाच्या काळी शंकराजी नारायणांकडे आलेले हे सचिवपद म्हणजे अष्टप्रधानांतील सुरनिसाचे काम. राजपत्रांतला अधिकउणा मजकूर शोधून शुद्ध करावा, महाल-परगण्यांचे हिशेब तपासावे, आणि मगच त्यावर आपली निशाणी करावी. सही करण्यापूर्वी वाचावे, ही शिस्त ज्या संस्थानाच्या मुळाशी होती त्याच्या प्रजेस गोल्फचे स्कोअरकार्ड परके वाटण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट बॉबी जोन्सची, १९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेतली. रफमध्ये चेंडूमागे काठी टेकविताना चेंडू किंचित हलला. कोणी पाहिले नव्हते. विचारपूस करता अधिकाऱ्यांनाही दाखला सापडला नाही आणि त्यांनी निर्णय त्याच्यावरच सोपविला. जोन्सने आपल्या खाती एक फटका मांडला. त्या एका फटक्यामुळे स्पर्धा बरोबरीत सुटली आणि पुढल्या निर्णायक लढतीत तो हरला. पुढे त्याच्या या वागण्याची स्तुती होऊ लागली तेव्हा त्याला ती रुचली नाही, आणि मलाही वाटते की त्याला थोर म्हणण्याची घाई करू नये. ज्या खेळाची सारी इमारत स्वतःच्या नोंदीवर उभी आहे त्यात हलल्याला हलला म्हणणे हा खेळाचाच भाग आहे, त्याहून अधिक काही नाही.

हँडिकॅपची कल्पना तर मला या खेळातली सर्वांत शहाणपणाची वाटते. नव्या खेळाडूने प्रथम चोपन्न होलांचे आकडे रुजू करावयाचे. पुढे त्याच्या शेवटच्या वीस फेऱ्यांतील उत्तम आठ फेऱ्या घेऊन, मैदानाच्या अवघडपणाचा विचार करून, त्याला किती फटक्यांची सूट द्यावयाची ते ठरते. २०२० पासून ही पद्धत जगभर बहुतांशी एकच झाली आहे आणि सुटीची कमाल मर्यादा चोपन्न आहे. गंमत अशी की आपल्या राज्याच्या कमाल जमीनधारणा कायद्यानेही कोरडवाहू जमिनीची मर्यादा चोपन्न एकरच घालून दिली आहे. या दोन चोपन्नांचा परस्परांशी काही संबंध नाही, परंतु महसूल खात्याच्या कारकुनाला हा खेळ शिकविताना हा आकडा पाठ करून घ्यावा लागणार नाही. चोवीसची सूट असलेला माणूस शहाण्णव फटक्यांत फेरी संपवितो तेव्हा त्याचा निव्वळ हिशेब बहात्तर होतो, आणि सूट नसलेल्या निष्णात खेळाडूने त्या दिवशी त्र्याहत्तर घेतले असतील तर नवशिका जिंकतो, दया म्हणून नव्हे, हक्काने. बाप आणि लेक, कारखान्याचा व्यवस्थापक आणि त्याचा वाहनचालक, एकाच फेरीत खऱ्या चुरशीने खेळू शकतात, अशी सोय मला दुसऱ्या कोणत्याही खेळात आढळलेली नाही. ज्यांना एखाद्या होलावर दहा-बारा फटके लागून धीर सुटतो त्यांच्यासाठी स्टेबलफर्ड नावाची गुणांची रीत आहे. सूट वजा जाता पार झाला तर दोन गुण, बोगीला एक, बर्डीला तीन, आणि डबल बोगीपासून पुढे शून्य. शून्य पडले की चेंडू उचलावा आणि पुढल्या होलाकडे चालू लागावे. मागची थकबाकी पुढे ओढली जात नाही.

सामानाविषयी थोडक्यात. नियमाने पिशवीत चौदा काठ्यांपर्यंत नेता येतात, आणि दुकानदाराचा आग्रह असा असतो की नेता येतात म्हणजे न्याव्यातच. नवशिक्याने त्याला नमस्कार करून परत यावे. लांब पल्ल्याची एक हायब्रिड, पाच, सात व नऊ क्रमांकांची आयर्न, वाळूतून काढण्यास एक सँड वेज, आणि एक पटर, एवढ्यावर पहिले वर्ष सुखाने निघते. त्याही कोणी वापरून सोडलेल्या मिळाल्या तर अधिक बरे. काठीच्या तोंडाचा तिरपेपणा जितका जास्त तितका चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो, म्हणून क्रमांक वाढला की पल्ला घटतो, हे एकदा ध्यानात आले की काठ्यांची भीती उरत नाही. ड्रायव्हर हे सर्वांत रुबाबदार आणि नवशिक्याच्या हाती सर्वांत अनर्थकारक हत्यार आहे. ते उशिरा घ्यावे. चेंडू सेहेचाळीस ग्रॅमांच्या आतला, त्यावर खळगे असतात. गुळगुळीत चेंडूपेक्षा घासून ओरखडे पडलेला जुना चेंडू अधिक सरळ व दूर जातो असे पूर्वीच्या खेळाडूंना दिसून आले, त्यातून हे खळगे मुद्दाम पाडण्याची चाल पडली. उजवखोऱ्याने डाव्या हातात मोजा घालावा. क्रिकेट खेळलेल्या मुलास काठी आवळून धरण्याची आणि चेंडू वर उचलण्याची खोड असते. येथे पकड सैल हवी आणि चेंडू उचलण्याचे काम काठीच्या तिरप्या तोंडावर सोपवावे. यापलीकडचे शिक्षण कागदावर देता येत नाही.

परंतु सामानाचा खरा धडा चेंबूरने घालून दिलेला आहे. तेथील क्लबात श्रीमंतांच्या पिशव्या वाहणारी कॅडी पोरे शेजारच्या झोपडपट्टीत राहतात; त्यांतल्या काहींनी बांधकामाच्या लोखंडी सळ्या वाकवून काठ्या केल्या, प्लास्टिकचे चेंडू घेतले, आणि गल्लीबोळांत, पत्र्यांच्या व गटारांच्या मधून आपले होल आखून गोल्फ सुरू केला. परदेशी छायाचित्रकार ते टिपून गेले. आपण मात्र त्याकडे कौतुकाने पाहिले आणि विसरलो. वस्तुतः या देशातले गोल्फचे पुष्कळसे ज्ञान कॅडींच्याच डोक्यात आहे. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणूनच वाढलेला होता. खेळ गरिबाला जमत नाही असे नसून मैदान गरिबाला परवडत नाही, एवढाच याचा अर्थ.

यास्तव माझे म्हणणे असे आहे की भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, या भागांत अठरा होलांचे, सव्वाशे-दीडशे एकर गिळणारे आणि उन्हाळाभर पाणी पिणारे खासगी मैदान कोणी आणू म्हणेल तर त्यास ग्रामसभांनी नकार द्यावा, गायरानाच्या जमिनीस तर हातही लावू देऊ नये. परंतु शाळेच्या आवारात खेळ अवश्य आणावा. सेंट अँड्र्यूज या खेळाच्या काशीतले जुने मैदान कोणा क्लबाच्या मालकीचे नाही, ते गावाचे आहे, आणि रविवारी तेथे खेळ बंद ठेवून लोकांना फिरावयास मोकळे सोडतात. आपल्याकडे सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी केलेल्या मैदानावर सदस्यत्व न घेता शुल्क भरून खेळता येते, हीही त्या दिशेची एक वाट आहे, जरी तीही जमीन आणि पाणी खाणारीच. याहून आमच्या उपयोगाची सोय आपल्याच छावण्यांतून पूर्वीपासून चालत आलेली आहे : पाण्याची टंचाई असलेल्या ठिकाणी ग्रीनच्या जागी तेल शिंपडून दाबलेल्या वाळूचे ब्राऊन करीत असत. त्यावर चेंडू गवताइतका डौलाने धावत नाही, पण खरा धावतो, आणि त्याला थेंबभर पाणी लागत नाही.

बहात्तरच्या पारमध्ये प्रत्येक होलाला पटरचे दोन, म्हणजे एकूण छत्तीस फटके गृहीत धरलेले असतात. अर्धा खेळ पटरचा आहे, आणि त्यास मैदान लागत नाही. पंधरा-वीस फुटांची सपाट वाळू आणि जमिनीत पुरलेला सव्वाचार इंची डबा पुरतो. जिल्हा परिषदेच्या शाळांना एवढे सामान देण्यास जो खर्च येईल तो एका क्रिकेट संचाहून फारसा अधिक नसावा. नऊ डबे पुरावेत, मुलांच्या जोड्या लावाव्यात, आणि प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याचे कार्ड द्यावे. गुरुजींनी पंच होऊ नये. पोरे खोटे आकडे लिहितील, असा आक्षेप येईल. पहिल्या आठवड्यात लिहितीलही. मग सहीच्या वेळी दोघांचे भांडण होईल, कार्डावरचा आकडा खोडला जाईल आणि त्या खाडाखोडीशेजारी दोघांच्याही सह्या घ्याव्या लागतील.